जुन्या नावाचा रकाना

रकाना १. कोणत्या पदासाठी अर्ज करीत आहात?

मुलुंड पूर्वेला 'शरयू' सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या रत्नप्रभाबाई तोंडवळकर यांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नोकरी करायचं ठरवलं. ही बातमी त्यांच्या नवऱ्याच्या आधी तळमजल्याला कळली. कारण सरळ होतं. जाहिरात ज्या वर्तमानपत्रात आली ते तळमजल्यावरच्या चंद्रप्रकाश साटमांचं होतं. साटम सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचा पेपर वाचायला मिळायचा, पण कात्री लावायची तर परवानगी लागायची.

"काय कापताय वहिनी? पाककृती?"

"जाहिरात."

"साडीचा सेल?"

"नोकरी."

साटमांनी चष्मा वर केला. "शरदरावांची सुटली काय?"

जाहिरात भांडुपच्या त्रिकोण व्हॉल्व्ह कंपनीची होती. इंग्रजी टंकलेखिका पाहिजे, अनुभवी स्त्रियांना प्राधान्य, वयाची अट शिथिल. हा 'शिथिल' शब्द रत्नप्रभाबाईंना फार आवडला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात त्यांच्यासाठी कोणी काही शिथिल केल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

लग्नाआधी आणि लग्नानंतर वर्षभर त्या फोर्टात एका जहाज कंपनीत टायपिस्ट होत्या. मग मुलगी झाली, मग मुलगा. आता मुलगी नाशकाला सासरी आणि मुलगा बडोद्याला. सकाळी साडेआठला शरच्चंद्र ऑफिसला गेले की घरात बोलणारी वस्तू म्हणजे फक्त कुकर.

संध्याकाळपर्यंत जिन्यावर सल्ले जमा झाले. पहिल्या मजल्याने मसाल्याचा धंदा सुचवला. दुसऱ्या मजल्याचं म्हणणं पडलं की भजनी मंडळात पेटीवाली हवीच आहे आणि बोटं चालवण्याचीच हौस असेल तर ती तिथंही भागेल.

शरच्चंद्रांनी मात्र चहा संपवला, कपाटातून बाइंडरची फाइल काढली आणि म्हणाले, "ठीक आहे. पण अर्ज मी भरणार."

इथे शरच्चंद्रांबद्दल एक गोष्ट सांगणं भाग आहे. रंगाच्या कंपनीत ते हेडक्लार्क होते आणि फॉर्म भरण्यात अख्ख्या सोसायटीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. रेशनकार्ड, गॅस, शाळाप्रवेश, सगळे कागद त्यांच्याकडे यायचे. कोरा फॉर्म बघून त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव येई, तो इतरांच्या चेहऱ्यावर हापूसची पेटी उघडताना येतो. चोवीस वर्षांत त्यांचा एकही फॉर्म परत आला नव्हता. हे ते स्वतः सांगत. वारंवार सांगत.


रकाना २. टंकलेखनाचा वेग (मिनिटास शब्द)

वेग पंचावन्न साली साठ होता. आता किती आहे हे कळायला मशीन हवं होतं.

मशीन होतं सेराफिनाबाईंकडे. सोसायटीच्या मागे गावठाणात त्यांचं कौलारू घर. दोघींची ओळख सुक्या बोंबलांवरून झालेली आणि आता पंधरा वर्षं मुरलेली. सेराफिनाबाईंचे यजमान गिल्बर्ट गोदीच्या ऑफिसात होते. ते गेले आणि त्यांचं काळं, दणकट टाइपरायटर मागे राहिलं. सेराफिनाबाई त्याच्यावर रोज क्रोशाचा रुमाल बदलत.

"ने गो," त्या म्हणाल्या. "गिल्बर्ट नेहमी सांगायचा, मशीन बसून राहिलं की गंजतं."

"मी तरी बसून कुठे होते?"

"मी मशीनचं बोलते, बाय. तू कशाला अंगावर घेतेस?"

चौघांनी ते तिसऱ्या मजल्यावर चढवलं. रत्नप्रभाबाईंनी कागद चढवला, डोळे मिटले, बोटं ठेवली. बोटांना सगळं आठवत होतं. फक्त एक अडचण होती. सव्वीस वर्षं त्या बोटांनी कणीक मळली होती, नारळ खवले होते, चादरी पिळल्या होत्या. आता त्यांच्यात जे बळ आलं होतं, ते टाइपरायटरच्या कारखानदाराने गृहीत धरलं नव्हतं. इंग्रजी 'ओ' दाबला की कागदातून तेवढा गोल कापून खाली पडायचा. पहिल्या दिवशी शरच्चंद्र घरी आले तेव्हा जमिनीवर बारीक गोलांचा सडा होता आणि टेबलावर चाळणीसारखं एक पत्र.

"माय डिअर सर," त्यांनी पत्र उजेडात धरून वाचलं. "समोरच्या इमारतीतला बल्ब दिसतोय यातून."

हलक्या हाताने मारायला त्या आठ दिवसांत शिकल्या. पण तोवर खालच्या मजल्यांवर परिणाम झालेला होता. जिन्याच्या फळ्यावर ही नोटीस लागली:

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, इमारतीत दुपारी एक ते चार या वेळात छापखाना अथवा तत्सम लघुउद्योग चालू असल्याच्या तक्रारी आल्या आहेत. प्रत्येक ओळीनंतर घंटा वाजते, तिने आमची झोपमोड होते व दर वेळी दूधवाला आला असे वाटून पातेले घेऊन दार उघडावे लागते. संबंधितांनी खुलासा करावा. – चं. साटम, सेक्रेटरी."

खुलासा शरच्चंद्रांनी केला. दीड पानी. 'सदरहू ध्वनी' हा शब्दप्रयोग त्यात सात वेळा होता. शेवटी मशीनखाली दोन गोधड्या आणि एक उशी आली. घंटेला फडकं बांधण्यात आलं. तिसऱ्या आठवड्यात घड्याळ लावून मोजलं तेव्हा वेग निघाला बावन्न.

रत्नप्रभाबाईंनी तो आकडा गॅसजवळच्या फरशीवर पेन्सिलीने लिहून ठेवला.


रकाना ३ व ४ (एकत्र भरावेत). परीक्षा आणि मुलाखत

जून महिन्याच्या शेवटी त्रिकोण व्हॉल्व्हच्या हॉलमध्ये बारा मुली बसल्या होत्या. मुलीच त्या. सगळ्यांत मोठी असेल तेवीस वर्षांची. रत्नप्रभाबाई शेजारी जाऊन बसल्या तशी एक वेणीवाली आदराने सरकली.

"मावशी, मुलीला घेऊन आलात का?"

"नाही."

"मग सुनेला?"

"मला घेऊन आलेय," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्यानंतर त्या बाकावर जी शांतता पसरली, तिच्यात त्यांना आपल्या गुडघ्याचा आवाज ऐकू आला.

परीक्षा दहा मिनिटांची. डोक्यावर पंखा, आणि पंख्याला कागदांचं वावडं. मुलींचे कागद उडत होते, मुली उठत होत्या. रत्नप्रभाबाईंनी पिशवीतून दोन कपडे वाळत घालायचे चिमटे काढले, कागदाला लावले आणि सुरू झाल्या. मिनिटाला बावन्न शब्द, चूक एक.

व्यवस्थापक नंदकुमार हे एकतीस वर्षांचे गृहस्थ होते. म्हणजे रत्नप्रभाबाई टायपिंगची परीक्षा पास झाल्या तेव्हा ते रांगत होते. त्यांनी कागद दोनदा पाहिला.

"बाई, कुठे होतात इतकी वर्षं?"

"मुलुंडला."

नंदकुमार हसले. सर्टिफिकेट बघायला मागितलं. मग त्यांचं हसणं थांबलं.

"हे कोणाचं?"

"माझं."

"यावर आहे कुमारी शुभा राजाराम परुळेकर."

"मीच ती. लग्न झालं ना."

"लग्नानं आडनाव बदलतं, ते मला कळतं. पण तुम्ही रत्नप्रभा शरच्चंद्र तोंडवळकर. नाव वेगळं, मधलं वेगळं, शेवटचं वेगळं. दोघींत एक शब्दही सारखा नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण हेड ऑफिस म्हणेल, नंदकुमारने कोणा शुभाच्या सर्टिफिकेटवर कोणी रत्नप्रभा भरती केली."

"मग?"

"नाव बदलल्याचं सरकारी राजपत्र आणा. ऑगस्टच्या एकतीस तारखेपर्यंत जागा धरून ठेवतो. त्यानंतर प्रतीक्षा यादीतला पहिला नंबर."

प्रतीक्षा यादीतला पहिला नंबर ती वेणीवाली होती. दारातून बाहेर पडताना तिने रत्नप्रभाबाईंना विचारलं, "मावशी, ते चिमटे कुठून घेतलेत?"


रकाना ५. पुराव्यादाखल जोडलेली कागदपत्रे

त्यांचं नाव बदललं अठ्ठावन्न साली, मालवणात, लग्नाच्या दिवशी. तोंडवळकरांकडे नव्या सुनेचं नाव बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नाव लिहायचं, सगळ्यांना पेढे वाटायचे. मुलीला विचारायची पद्धत नव्हती. 'रत्नप्रभा' हे नाव मोठ्या आत्तेने निवडलं, कारण घरात थोरल्या दिराची मुलगी शुभा आधीच होती आणि दोन शुभा झाल्या तर हाक कोणाला मारली ते कळणार नाही, अशी व्यावहारिक अडचण होती.

आता हे सिद्ध कसं करायचं?

लग्नपत्रिका सापडली. तिच्यावर 'चि. सौ. कां. शुभा' होतं, रत्नप्रभेचा पत्ताच नव्हता. रेशनकार्ड सापडलं, त्यावर रत्नप्रभा होती, शुभेचा पत्ता नव्हता. दोघींना एकत्र पाहणारा एकच कागद, तो म्हणजे ते ताट. फोटोग्राफर एस.टी. चुकल्यामुळे उशिरा पोचला होता, आणि पुराव्याचा दुसऱ्या दिवशी भात झाला होता.

भटजी वारले होते. मोठी आत्ते हयात होती, वय एक्याण्णव. शरच्चंद्रांनी तिला कार्ड टाकलं की, नाव बदलल्याचं दोन ओळींत लिहून अंगठा कर. आत्तेचं उत्तर आलं, "शुभा कोण? रत्नाक विचार."

सल्ल्यांना जिना अपुरा पडू लागला. साटम म्हणाले, "सोपं आहे. पुन्हा लग्न करा. रजिस्टर. मी साक्षीदार होतो."

"याच्याशीच?" सेराफिनाबाईंनी विचारलं. त्या मशीनची खुशाली बघायला आल्या होत्या.

"म्हणजे काय!"

"विचारून घेतलेलं बरं." मग त्या रत्नप्रभाबाईंकडे वळल्या. "आमच्यात बाप्तिस्म्याला नाव ठेवतात, ते क्रूसावर कोरेपर्यंत तेच. आडनाव बदल, गाव बदल, नाव कसं बदलणार? देव हाक मारील तेव्हा ओ कोण देईल? तुमची माणसं तांदळावर लिहितात नि मग कागद शोधत फिरतात."

शरच्चंद्रांनी नवा कोरा फॉर्म फाइलमधून काढला आणि टेबलावर हाताने सपाट केला.


रकाना ६. (अ) जुने नाव (ब) नवे नाव

राजपत्राचा फॉर्म आणि सोबतचं प्रतिज्ञापत्र, दोन्ही इंग्रजीत टाइप करून द्यायची होती. शरच्चंद्रांनी कच्चा मसुदा करायला एक रविवार घेतला. सकाळी अंघोळ करून बसले. पेन्सिलीला टोक काढलं. दुपारी दोनला त्यांनी कागद बायकोच्या हाती दिला.

"जसंच्या तसं उतरव. एक स्वल्पविराम हलता कामा नये."

रत्नप्रभाबाई टायपिंग शिकल्या दादरला क्लेमेंट सरांकडे. सर वर्गात फिरत आणि एकच वाक्य सांगत: "वाचायचं नाही, उतरवायचं. वाचणारा टायपिस्ट चुकतो." मजकुराचा अर्थ लावणं हे साहेबाचं काम. टायपिस्टचं काम मक्षिका स्थाने मक्षिका. मसुद्यावर मेलेली माशी असली तर प्रतीवरही माशी दिसली पाहिजे. चांगला टायपिस्ट तो, ज्याला पान संपल्यावर पानात काय होतं ते सांगता येत नाही.

त्या रविवारी रत्नप्रभाबाई चांगल्या टायपिस्ट झाल्या. बोटं चालली होती, डोळे मसुद्यावर होते, मनात रात्रीच्या भाजीचा विचारही नव्हता. सव्वीस वर्षांनी तो जुना रिकामेपणा त्यांच्या डोक्यात परत आला आणि त्यांना इतका आनंद झाला की, शेवटची ओळ संपली तेव्हा त्या मोठ्याने म्हणाल्या, "शून्य चुका!"

"बघू." शरच्चंद्रांनी मसुदा एका हातात धरला, प्रत दुसऱ्या हातात. अक्षरनअक्षर ताडून पाहिलं. "झकास. शून्य."

दोघांनीही एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की असे क्षण फारसे येत नाहीत, म्हणून ते इथे नोंदवून ठेवलेले बरे.

वकिलाचा शिक्का झाला, सह्या झाल्या, कागद गेले. जुलै सरला. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात काही आलं नाही. रत्नप्रभाबाई रोज पोस्टमनच्या वेळेला गॅलरीत मिरच्या निवडायला बसत. घरात मिरच्या इतक्या झाल्या की शेजारी वाटाव्या लागल्या. वेणीवाली मुलगी त्यांच्या स्वप्नात येऊन चिमटे परत मागू लागली.

सव्वीस तारखेला, शरच्चंद्र ऑफिसातून आल्यावर, संध्याकाळच्या टपालाने पाकीट आलं. खाली साटमांनीच सही करून घेतलं आणि सेक्रेटरीच्या अधिकारात उघडलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना ते मोठ्याने वाचत आले, त्यामुळे सगळ्या इमारतीने ते एकदमच ऐकलं.

"जुने नाव: रत्नप्रभा शरच्चंद्र तोंडवळकर. नवे नाव: कुमारी शुभा राजाराम परुळेकर."

दुसऱ्या मजल्यावर साटम थांबले. पुन्हा वाचलं. मग वरच्या दिशेने ओरडले, "शरदराव! अहो, उलटं झालंय!"


रकाना ७. कार्यालयीन उपयोगासाठी. येथे अर्जदाराने काहीही लिहू नये.

मसुदा काढला. शरच्चंद्रांचं ते मोत्यासारखं अक्षर. 'जुने नाव' पुढे रत्नप्रभा. 'नवे नाव' पुढे शुभा. प्रतिज्ञापत्रात तेच. प्रत बरहुकूम.

"असं कसं लिहिलंत?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

शरच्चंद्रांनी बोटाने दोन्ही ओळी ताडून पाहिल्या. "माझ्या हिशेबानं बरोबरच आहे," ते शेवटी म्हणाले. "रत्नप्रभा जुनंच ना? सत्तावीस वर्षं हाक मारतोय. तुझं 'शुभा' मी या जूनमध्ये पहिल्यांदा ऐकलं म्हटलंस तरी चालेल."

"आणि कुमारी?"

"सर्टिफिकेटवर होतं. मी पूर्ण नाव उतरवलं." ते एकदम भडकले. "पण तू टाइप करताना बघायचं नाहीस?"

"टायपिस्ट बघत नाही."

"बायको तर बघते!"

"जसंच्या तसं उतरव म्हणालात."

साटम दारातच उभे होते. त्यांनी घसा खाकरला. "कायद्यानं बघायला गेलं, तर आता या घरात तुम्ही आणि एक परुळेकर आडनावाच्या अविवाहित बाई राहता. माझी व्यक्तिशः हरकत नाही. पण सोसायटीच्या नियमात पेइंग गेस्टला परवानगी लागते."

शरच्चंद्रांनी दार लावून घेतलं.

मग ते खुर्चीत बसले. चोवीस वर्षांत एकही फॉर्म परत आला नव्हता आणि हाही परत आला नव्हता. हेच तर दुःख होतं. सरकारने तो निमूटपणे मंजूर केला होता.

"दुरुस्तीचा अर्ज करतो," ते म्हणाले. "तीन महिने लागतील."

"तीन महिन्यांनी जागा कुठे असेल? एकतीस तारीख शनिवारी आहे."

"मग जाऊ दे ना नोकरी! एवढं काय अडलंय? आधी हे निस्तरू. माझं नाव खोडलं गेलंय, रत्ना. सगळी इमारत हसतेय. सत्तावीस वर्षं तू तोंडवळकर होतीस, आणि एका ओळीत—"

"तुमच्याच अक्षरात खोडलंय."

"हसू नकोस."

"हसत नाहीये." आणि खरंच त्या हसत नव्हत्या. त्या टेबलापाशी उभ्या होत्या, मशीनवर हात ठेवून. "अठ्ठावन्न साली माझं खोडलं तेव्हा फॉर्मसुद्धा नव्हता. मला कोणी विचारलं नाही, हरकत आहे का म्हणून. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला पत्र घातलं की, रजा आठ दिवस वाढवा. खाली सही करताना हात थांबला. कोणती करू? मग जुनीच केली. वर्षभर ऑफिसात शुभा आणि घरात रत्ना. मग ऑफिस सुटलं, शुभा तिथेच राहिली. तुम्हाला आज चार मिनिटं झाली, अहो. मला कळतंय कसं वाटतं ते."

शरच्चंद्रांनी मसुद्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. रागावले की ते मालवणीत येत, पण या वेळी नुसतेच पुटपुटले, "माका काय म्हायती तेव्हा. पंचवीस वर्षांचो होतंय. आत्ते म्हणाली, लिही. मी लिवलंय."

"मग आता मी म्हणते, राहू दे."

"काय राहू दे?"

"हे." त्यांनी राजपत्र उचललं. "दुरुस्तीचा अर्ज करायचा नाही. मी शनिवारी हेच घेऊन भांडुपला जाणार."

"आणि लोक?"

"लोकांना खुलासा द्या. दीड पानी. तुम्हाला छान जमतो."


रकाना ८. नोकरीतील खंडाचे कारण (एका ओळीत)

शनिवारी नंदकुमारांनी तीन कागद शेजारी शेजारी ठेवले. टायपिंगचं सर्टिफिकेट: शुभा राजाराम परुळेकर. जहाज कंपनीचं अनुभवपत्र: मिस एस. आर. परुळेकर. राजपत्र. त्यांनी राजपत्र एकदा वाचलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग परत वाचलं.

"बाई, हे तर... मी रत्नप्रभा म्हणून राजपत्र मागितलं होतं."

"तुम्ही म्हणालात, नावं जुळली पाहिजेत."

"जुळतायत," नंदकुमार म्हणाले. त्यांच्या आवाजात धसका होता. "सगळीच जुळतायत. इतकी जुळलेली फाइल माझ्याकडे आजवर आली नाही. म्हणजे आता तुम्ही आहात कोण?"

"शुभा परुळेकर. सरकार म्हणतंय."

"आणि घरी?"

"घरी काय म्हणायचं ते अजून ठरायचंय. त्यांचा खुलासा लिहून व्हायचाय."

नंदकुमारांनी सुस्कारा टाकला आणि रुजू होण्याचा फॉर्म पुढे सारला. बाईंनी तो मशीनवर चढवला. नाव टाइप केलं. जन्मतारीख. शिक्षण. मग आला तो रकाना, नोकरीतील खंडाचे कारण, एका ओळीत. सव्वीस वर्षं आणि एक ओळ.

त्या थांबल्या. परीक्षेत त्या दहा मिनिटं थांबल्या नव्हत्या, आज थांबल्या. मुलीची गोवर, मुलाची दहावी, सासूबाईंचं दीड वर्षाचं अंथरूण, गणपती, पाहुणे, दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहिलेले हजारो तास. एवढं सगळं त्या ओळीत मावण्यासाठी अक्षर फार बारीक काढावं लागलं असतं, आणि मशीनला एकच आकार येत होता.

मग त्यांनी टाइप केलं, "या काळात मी रत्नप्रभा तोंडवळकर होते."

नंदकुमारांनी कागद हातात घेतला. "बाई, इथे असं लिहीत नाहीत. 'घरगुती कारण' लिहितात सगळ्या."

"घरगुतीच आहे ते. मी फक्त नावासकट लिहिलंय."

"हेड ऑफिस विचारेल."

"विचारलं तर मला पाठवा. मी सांगीन." आणि थोडं थांबून, "एका ओळीत नाही मावायचं, पण सांगीन."

नंदकुमारांनी पेनाचं टोपण काढलं. लावलं. परत काढलं. शेवटी त्यांनी सही केली आणि सोमवारी साडेनऊला या म्हणाले.


रकाना ९. अर्जदारास ओळखणाऱ्या इसमाचे नाव

सोमवार संध्याकाळ, सव्वापाच. पहिल्या दिवशी नऊ पत्रं, चार कार्बन, एक कोटेशन. बाई बोटं मोकळी करत जिना उतरत होत्या तेव्हा त्यांना गेटवर ओळखीचा आवाज ऐकू आला. शरच्चंद्र. ऑफिसातून लवकर निघून आले होते. चोवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, केस पाणी लावून बसवलेले.

गेटवरचा वॉचमन बाळा वहीवर बोट ठेवून उभा होता.

"कोणाला भेटायचंय?"

"मिसेस तोंडवळकर."

"अशा कोणी नाहीत."

"अहो, आजच लागल्या. टायपिस्ट."

"टायपिस्ट म्हणजे परुळेकरबाई."

शरच्चंद्रांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "त्याच."

"तुम्ही कोण त्यांचे?"

"मिस्टर."

बाळाने वही जवळ ओढली. "नाव?"

"शरच्चंद्र तोंडवळकर."

बाळाने एकदा वहीत पाहिलं, एकदा शरच्चंद्रांकडे पाहिलं. तो नव्याने लागला होता आणि नियमाला धरून होता. "नाव जुळत नाही, साहेब. वर परत कुमारी लिहिलंय. काही कागद आहे का तुमच्याकडे?"

शरच्चंद्रांचा हात सवयीने खिशात गेला. खिशात राजपत्राची नक्कल होती, आठवडाभर ते ती जवळच बाळगत होते. त्यांनी ती अर्धी बाहेर काढली, मग तिच्यात काय छापलंय ते त्यांना आठवलं, आणि त्यांनी ती परत आत सारली. बाईंनी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कागदाविना उभं पाहिलं. आधी वाटलं धावत खाली जावं. मग त्या शेवटच्या पायरीवर जरा थांबल्या. फार नाही. अर्धा मिनिट.

"आपण असं करू," शरच्चंद्र बाळाला समजावत होते. "तू वर जाऊन नुसतं सांग. शुभाबाईंना... शुभाला म्हणावं, खाली..."

हाक म्हणून ते नाव त्यांच्या तोंडात पहिल्यांदाच येत होतं. जरा चाचपडत आलं, पण आलं.

बाई गेटापाशी आल्या. पिशवी खांद्यावर सरळ केली.

"सोडा हो त्यांना, बाळा," त्या म्हणाल्या. "माझ्या ओळखीचे आहेत."